अनुभव धागा: तुमच्या घरात वीज नक्की खातं कोण?

परवा केबल जळाली आणि आमच्याकडे रात्रभर वीज नव्हती. पंखा-दिव्यांचं सोडा, दाराची बेलही मुकी झाली. फोन मेल्यावर कळलं की घरातल्या एकाचाही नंबर मला पाठ नाही. आपण कशाकशावर विसंबलोय आणि त्यातलं विनाकारण चालू काय असतं, यावर तुमचे अनुभव हवेत. सल्ले नकोत, घरात घडलेलं लिहा.

*

एका रविवारी फ्रिजचा प्लग काढला आणि बाकी सगळं 'बंद' केलं. म्हणजे रोज करतो तसं, रिमोटने. तरी मीटरचा लाल दिवा लुकलुकतोच! आमच्या मीटरवर ३२०० लुकलुकी म्हणजे एक युनिट, असं छापलंय. घड्याळ लावून बसलो. दर २५ सेकंदांनी एक, म्हणजे ४५ वॅट. वर्षाचे ३९० च्या वर युनिट, कुणी काहीही न वापरता. मग एकेक प्लग उपटत गेलो. सगळ्यात बिलंदर निघाला सेट टॉप बॉक्स. टीव्ही बंद असतानाही हाताला कोमट लागायचा. खालोखाल धूळ खात पडलेले जुने स्पीकर. राउटरला हात लावला नाही. घरात बंड झालं असतं.

*

चार्जर प्लगला तसाच राहिला की मी नातवावर ओरडायचे. त्याने एकदा वहीच पुढे ठेवली. फोन रोज पूर्ण चार्ज केला तरी वर्षाला आठ-नऊ युनिट. रिकामा चार्जर तर जवळजवळ काहीच खात नाही. आणि माझा २००० वॅटचा गीझर, रोज अर्धा तास? ३६५ युनिट. "आजी, आता कोण कुणाला ओरडणार?" तेव्हापासून गीझरचं तापमान कमी ठेवलंय आणि आंघोळ झाली की बटण बंद. चार्जरवरून अजून ओरडते, पण सवयीने.

*

बचत होईल म्हणून घरभर १४ स्मार्ट बल्ब लावले. बचत एलईडीची होतीच, ती साध्या बल्बानेही झाली असती. उलट हे विझलेले असतानाही फोनच्या हुकमाची वाट पाहत अर्धा-अर्धा वॅट खातात. एकदा इंटरनेट गेलं तेव्हा बायको म्हणाली, "भिंतीवरचं बटण दाब की." ते मला सुचलंच नव्हतं.

*

जुने ७५ वॅटचे पंखे काढून ३० वॅटचे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, घेतले. वेग तोच, बिलात फरक दिसतो. तक्रार एकच: रिमोट. पंखा कमी करायला आधी उशा उचलाव्या लागतात.

*

वरचं सगळं वाचलं. आमच्याकडे गंमत नाही. वडिलांना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारं यंत्र) लागतो, सुमारे ३०० वॅट, चोवीस तास. दिवसाला सातेक युनिट एकट्या त्याचे, आणि ते वाचवायचे नाहीत. म्हणून बाकी घर आवरलं: एसी नाही, दिवे मोजके. मोठा सिलिंडर भरून कोपऱ्यात उभा असतो, कारण इन्व्हर्टरवर ते यंत्र फार वेळ टिकत नाही. त्याची घरघर पहिल्या आठवड्यात झोपू देत नव्हती. आता ती थांबली की मी दचकून उठते.