बाहेरची पावडर आली तर आपल्या दुधाचं काय?

मोहोळकर: मंडळी, ३.५ फॅट ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातला घन भाग) लागूनसुद्धा डेअरीवाला दर पाडतोय, विचारलं की म्हणतो परदेशातनं दूध पावडर येणार हाय. खरंच येती का?

सांगोलेकर: सहजासहजी नाय भावा, दूध पावडरवर ६० टक्के आयात ड्युटी हाय. जून २०२४ मध्ये फक्त १०,००० टन १५ टक्के ड्युटीनं आणायची परवानगी दिलती, तेवढ्यावरच केवढी बोंबाबोंब झाली.

बार्शीवाला: २०१९ ला आरसीईपी या आशिया-पॅसिफिक देशांच्या व्यापार करारातनं भारत बाहेर पडला त्यातपण दूध हे मोठं कारण होतं, न्यूझीलंडवाले जवळपास सगळं दूध बाहेरच विकतात, त्यांच्यापुढं आपली चार जर्शी काय टिकणार. पण आत्ताचा दर पाडायला इथलाच पावडरचा साठा बास होतो, परदेश कशाला.

मोहोळकर: तरी पेंडीचं पोतं काय स्वस्त होईना!