कातळशिल्पांजवळ अभ्यासकेंद्र: सड्यावर की वाडीत?

सडाफिरस्ता:
रत्नागिरी-राजापूरकडची कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीचा हत्ती साधारण १८ मीटरचा, त्याच्या अंगात इतर प्राणी कोरलेले. समजावणारं कोणी नसेल तर लोक सेल्फी काढून परत. माझं मत, गावानं सड्याच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या पठाराच्या, कडेलाच केंद्र उभारावं. जांभ्याचे चिरे, मंगलोरी कौलं, पागोळ्यांचं पाणी टाकीत. शिल्पं, सड्यावरची फुलं आणि चित्रकला, पोरांना सगळं एकाच जागी.

पऱ्ह्याकाठी:
सडा तुम्हाला रिकामा दिसतो, तिथंच गोम आहे. पावसाळ्यात बोटभर मातीत नि साचल्या पाण्यात गेंद, सीतेची आसवं ही रानफुलं उगवतात. जेसीबी एकदा फिरला की ती माती गेली. संडासाचा शोषखड्डा कुठे घेणार? जांभा भोकाभोकांचा, वर मुरलेलं पाणीच खाली वाडीच्या विहिरींत उतरतं. पटसंख्येअभावी बंद पडलेली शाळा घ्या की! भिंती आहेत, कौलं आहेत, विजेचा मीटरही आहे.

सडाफिरस्ता:
शाळेची इमारत जिल्हा परिषदेची, फाईल हलेपर्यंत पोरं कॉलेजात जातील. आणि शाळा वाडीत, शिल्पं वर. गाडी वळवून तिथे कोण जाईल? केंद्र शिल्पाशेजारी असलं तर चिरेखाणवाल्यांवरही नजर राहील. सडे बहुतेक खासगी, सातबाऱ्यावर ढीगभर नावं. उद्या कोणी विकला तर?

लाल माती:
भिंतींवरून कसले भांडता, तिथे बसणार कोण ते सांगा. कुडाळजवळ पिंगुळीला परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्यात चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) नि कळसूत्री बाहुल्यांचं संग्रहालय थाटलं. २०२१ ला पद्मश्री जाहीर झाली. गोठा चालला, कारण दाखवणारं घर पिढ्यान्‌पिढ्या तीच कला करणारं. आपल्याकडे निधी मिळतो बांधकामाला. गावातल्या चार पोरापोरींना माहितगार म्हणून पगार द्या म्हटलं की सगळे गप्प.

मुंबैकर चाकरमानी:
+१. आमच्या वाडीतल्या समाजमंदिराच्या उद्घाटनाला मोठा थाट होता, आता आत मंडपाचे बांबू. शाळाच बरी. फक्त शिमग्यात नमनाच्या (आपल्या लोकनाट्याच्या) तालमीला मोकळी ठेवा, नाहीतर गाव पाठीशी राहणार नाही.

सडाफिरस्ता:
पगाराचं मान्य. पण पगारी माणूस भर उन्हात कातळावर उभा राहणार का?

पऱ्ह्याकाठी:
झावळांचा मांडव घाला. ऑक्टोबर ते मे, मग काढायचा. पाया नको, खड्डा नको. बाकी वर्ग, प्रदर्शन, संडास सगळं खाली शाळेत.

सडाफिरस्ता:
फुलं येतात पावसात! तेव्हाच मांडव काढलात तर पोरं भिजत शिकणार? निदान पत्र्याची शेड तरी.

पऱ्ह्याकाठी:
इरलं, छत्री आहे ना. शेड आली की मागोमाग चहाची टपरी, मग पेव्हर ब्लॉक. शेडला माझा विरोध. ग्रामसभेतही हेच बोलणार.