दचकणं वेगळं, भीती वेगळी

'हल्लीच्या भयपटांत भीतीच वाटत नाही' हे तुमचं म्हणणं अर्धंच पटलं. 'तुंबाड' २०१८ साली थिएटरात फार चालला नाही, पण २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त गल्ला जमला. म्हणजे सावकाश चढणारी भीती लोकांना हवी आहे.

नारायण धारपांच्या भयकथा वाचायचो त्या दिवसांत आमच्या वाड्याचा जिना मी रात्री पायऱ्या मोजत उतरायचो. सतरा. एकदा अठरा भरल्या. (मोजताना चुकलो असणार. असणारच.)

कसोटी क्रिकेटचंही तसंच, ताण सावकाश चढतो. २००१, ईडन गार्डन्स, चौथा दिवस, लक्ष्मण-द्रविड, दिवसभरात एकही विकेट नाही. बाबांनी त्या दिवशी मला पाणी प्यायलासुद्धा जागेवरून उठू दिलं नव्हतं.