मोबाईलवर रान मोजलं तर गुंठा कुठं जातो?

बांधावरचा, वाळवा:
रामराम मंडळी. वाटणीत आलेलं वीस गुंठ्यांचं पट्टीचं रान आहे, 66 फूट रुंद, 330 लांब. उसाचा खोडवा गेल्यावर नांगरट केली. ट्रॅक्टरवाल्यानं मोबाईल हातात धरून कडेनं फेरी मारली आणि साडेएकवीस गुंठ्यांचं बिल सांगितलं. मी माझ्या फोननं फिरलो तर सकाळी 19, सांजच्याला साडेवीस. चुलतभावाकडं ट्रेकिंगचं हातातलं जीपीएस आहे, त्यात 20.2 आलं. तसलं यंत्र घ्यावं का? दरवर्षी ही कटकट नको.

भटका, सातारा:
दादा, पैसे घालवू नका. माझ्याकडं दोन्ही आहेत. उपग्रह तेच, वीस हजार किलोमीटरवरचे. चार तरी दिसावे लागतात. मोकळ्या आभाळाखाली चांगला फोन पाचेक मीटरच्या आत जागा सांगतो, हातातलं यंत्रही फार पुढं जात नाही. त्याचं मोल वेगळं. बामणोलीहून लाँचनं पलीकडं उतरून वासोटा चढताना ते भिजलं, आपटलं तरी चालतं, सेल बदलता येतात. (रेंज गेली की फोनचं जीपीएस बंद पडतं असं पुष्कळांना वाटतं. पडत नाही. उपग्रहांची माहिती नेटवरून मिळत नसल्यानं सुरुवातीला जागा धरायला वेळ लागतो, एवढंच.)

मोजणीवाला, सांगली:
तुमच्या पट्टीचा हिशोब करून बघा. 33 बाय 33 चा गुंठा, म्हणजे 1089 चौरस फूट. रुंदीत एक मीटर, 3.3 फूट, चुकलं की 330 लांबीवर बरोब्बर एक गुंठा गेला! तेवढ्याच गुंठ्यांच्या चौरस रानात याच्या निम्माही फरक पडला नसता. बांधाला झाडं आहेत का? झाडाखाली सिग्नल आपटून, वळसा घालून येतो आणि फोन तुम्हाला बांधापलीकडं नेऊन ठेवतो. बिलापुरता टेप लावा. बांधाचाच वाद असेल तर रोव्हरनं, म्हणजे मोजणीच्या अचूक जीपीएस यंत्रानं, सरकारी मोजणी. त्याला पक्क्या ठिकाणच्या स्टेशनकडून दुरुस्ती मिळत राहते, म्हणून चूक सेंटीमीटरात राहते.

बांधावरचा, वाळवा:
झाडं हायत की, विहिरीकडं चार नारळ आणि एक आंबा. काल टेप लावला. रस्त्याकडं 66 फूट भरलं, विहिरीकडं 62. म्हणजे साडेएकोणीसच्याही आत. ट्रॅक्टरवाल्यानं कुरकुरत साडेएकोणीसवर मिटवलं. विहिरीकडचे चार फूट कुठं गेले ते विचारू नका. टेपचं दुसरं टोक चुलतभावानं धरलं होतं, आणि पलीकडचं रान त्याचंच आहे.