ओव्हनमधले बटाटे कुरकुरीत होतच नाहीत, काय चुकतंय?

मुक्काम_घोडबंदर | बुधवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. गेल्या दिवाळीत २८ लिटरचा ओटीजी घेतला. केक जमतो, नानकटाई जमते, एकदा तर खारी पण जमली. अडलंय ते बटाट्यांवर.

लेक लीड्सला शिकून परत आली आणि येताना तिथल्या रविवारच्या जेवणातल्या बटाट्यांचं वेड घेऊन आली. बाहेरून टकटक वाजतील असे कडक, आतून भुसभुशीत, वर रोझमेरी आणि लसणाचा वास. "आई, तुझ्याकडे ओव्हन आहे, मग अडलंय कुठे?" अडलंय ते असं:

पहिल्यांदा कच्च्याच फोडी ऑलिव्ह तेलात घोळवून २०० वर ४० मिनिटं ठेवल्या. वर चामडं, आत कच्चट.

दुसऱ्यांदा कुकरला दोन शिट्ट्या काढून मग ओव्हनमध्ये. ट्रेला असे चिकटले की उलथन्याने खरवडून काढले. गंमत म्हणजे ती खरवड तेवढी अप्रतिम कुरकुरीत होती. मी आणि लेकीने ओट्यापाशी उभ्याउभ्याच संपवली.

तिसऱ्यांदा, म्हणजे काल, पंधराव्या मिनिटालाच तपकिरी रंग आला. मी खूश. बाहेर काढले तर मऊ गिच्च, आणि रोझमेरीचा कोळसा. सासूबाई म्हणाल्या, "भाजीच करायची होती तर गॅसवर झाली असती की."

रविवारी लेकीच्या मैत्रिणी जेवायला येतायत, आम्ही धरून आठजणी. बटाटा कुठला घेऊ, उकडू की नको, ताजी रोझमेरी ठाण्यात कुठे मिळेल? आणि कृपा करून एअर फ्रायर सुचवू नका. ओट्यावर आता पाट ठेवायलाही जागा नाही.

सेक्टर_सतरा | बुधवार, रात्री १०:३१

एअर फ्रायर घ्या. आयुष्य बदलेल.

मुक्काम_घोडबंदर | बुधवार, रात्री १०:३३

दादा, शेवटची दोन वाक्यं परत वाचा.

तुर्भेवाला | बुधवार, रात्री ११:०५

ताई, तिसऱ्या वेळचा दोष तुमचा नाही, बटाट्याचा आहे. आमचा एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये गाळा आहे, म्हणून सांगतो.

सध्या जुलै. आत्ता बाजारात येतोय तो बहुतेक माल कोल्ड स्टोरेजचा. उत्तरेकडे आणि गुजरातेत पीक निघतं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये, मग पोती गारठ्यात जातात आणि पावसाळाभर तोच माल निघत राहतो. बटाटा फार गारठला की त्यातल्या स्टार्चची साखर होते. अशा बटाट्याची फोड कच्ची चाखून बघा, गोडसर लागते. तो ओव्हनमध्ये गेला की साखर आधी जळते. रंग येतो, पण खालचा बटाटा अजून ओलाच असतो. वेफर्सवाले या मालाला हात लावत नाहीत ते यामुळेच. त्यांच्यासाठी चिप्सोना नावाच्या वेगळ्या जाती आहेत, साखर कमी आणि पीठ जास्त. नेहमीचा कुफ्री ज्योती भाजीला चांगला (१९६८ सालची जात. कुफ्री हे शिमल्याजवळचं गाव, बटाटा संशोधन केंद्र तिकडचं, म्हणून जातींच्या नावात कुफ्री), पण गारठला की लवकर गोड होतो.

किरकोळ भाजीवाल्याला जात विचारून उपयोग नाही, तो "एक नंबर माल आहे" एवढंच सांगणार. त्याला विचारायचं, "वेफरचा बटाटा आहे का?" बहुतेकांना हे कळतं. मंचर-खेडकडचा खरिपाचा नवा माल यायला अजून दोन महिने आहेत.

आणि घरी आणल्यावर फ्रिजमध्ये ठेवू नका. आधीच ठेवलेले असतील तर बाहेर काढून अंधाऱ्या कोपऱ्यात आठ-दहा दिवस राहू द्या, साखर थोडी उतरते. या हवेत कोंब फुटतील, लक्ष ठेवावं लागेल. तुमच्या रविवारला ते पुरणार नाही म्हणा.

रसायन_कळवा | गुरुवार, सकाळी ७:४८

तुर्भेवाल्यांना अनुमोदन. ही साखर प्रथिनांच्या घटकांबरोबर तापली की तो तपकिरी रंग आणि खरपूस वास येतो, माइयार नावाच्या फ्रेंच माणसाने १९१२ मध्ये ही प्रक्रिया मांडली. साखर जास्त असली की अ‍ॅक्रिलामाइड हे तब्येतीला घातक मानलं जाणारं रसायनही जास्त तयार होतं. तळलेल्या-भाजलेल्या पिठूळ पदार्थांत ते असतं हे स्वीडनमध्ये २००२ साली उजेडात आलं. म्हणून सोनेरी रंगावर थांबायचं, चॉकलेटीपर्यंत न्यायचं नाही.

बटाटा पिठूळ आहे की चिकट हे घरीच बघता येतं. एक वाटी मीठ, अकरा वाट्या पाणी, त्यात बटाटा सोडायचा. बुडला तर पिठूळ, तरंगला तर चिकट. तुम्हाला बुडणारे हवेत. तरंगणारे रस्सा भाजीत घाला, फोडी मोडणार नाहीत.

बेलापूरची_माई | गुरुवार, दुपारी २:२०

आता करायचं कसं ते बघू. मी घरून जेवणाच्या ऑर्डरी घेते, हे बटाटे महिन्यातून दोनदा तरी होतात. अगं, तुझ्या दुसऱ्या खेपेतच उत्तर होतं आणि तू ते उभ्याने खाऊन टाकलंस! ती खरवड कुरकुरीत का झाली? कारण ती खडबडीत होती. गुळगुळीत फोडीला कडकपणा धरायला जागाच नसते. फोडीची कड मोडून तिच्यावर पिठाचा लेप चढला पाहिजे, आणि तो लेप वाळला पाहिजे. सगळी मेहनत एवढ्यासाठीच.

एक किलोचं प्रमाण देते. बटाटे सोलून मोठ्या फोडी कर, लिंबाएवढ्या. लहान केल्यास तर आत भुसभुशीत काही उरणारच नाही. दोन लिटर पाणी उकळव, त्यात एक मोठा चमचा मीठ आणि अर्धा छोटा चमचा खायचा सोडा. फोडी त्यात आठ-दहा मिनिटं. कुकर नको, आत काय चाललंय ते दिसत नाही. सुरी आत सहज जायला हवी आणि कडा विरघळल्यासारख्या दिसायला हव्यात.

सोडा कशाला, तर छोले शिजताना चिमूटभर घालतो ना, त्याच कारणासाठी. बाहेरचा थर लवकर सुटतो. उलटं उदाहरणही तुला माहीत असणार, बटाट्याच्या रश्श्यात चिंच किंवा आमसूल आधी पडलं की फोड शिजता शिजत नाही. आंबटाने बटाटा ताठ राहतो, सोड्याने सैल पडतो.

मग रोवळीत निथळ, त्याच रिकाम्या पातेल्यात परत घाल आणि बारीक गॅसवर मिनिट-दोन मिनिटं वाफ जाऊ दे. फोडी ओल्या चकचकीत होत्या त्या पांढुरक्या, भुरभुरीत दिसायला लागतात. हे दिसेपर्यंत पुढे जायचं नाही. आपल्याकडच्या पावसाळी हवेत तर पंख्याखाली ताटात पसरून पंधरा मिनिटं ठेवते मी. मग चार मोठे चमचे गरम तूप घालून झाकण लाव आणि पातेलं चांगलं हिंदकळव. झाकण उघडलंस की फोडींवर मॅश केलेल्या बटाट्यासारखा लेप दिसेल. बायका इथे घाबरतात, मोडले वाटतं. मोडू देत.

ओटीजी २३० वर, दोन्ही रॉड चालू, रिकामा ट्रे आत ठेवून वीस मिनिटं तापव. फोडी ट्रेवर पडताना चर्र आवाज आला पाहिजे. एकमेकींना चिकटून ठेवू नकोस, गर्दी झाली की त्या भाजत नाहीत, वाफवल्या जातात. पंचवीस मिनिटं हात लावायचा नाही. आधी उलटायला गेलीस तर लेप ट्रेलाच राहील. पंचविसाव्या मिनिटाला दार उघडून कोंडलेली वाफ जाऊ दे, फोडी उलट, अजून वीस-पंचवीस मिनिटं.

तुझ्या ट्रेत किलोभरच मावेल. आठजणींना दोन किलो लागतील. पहिला घाणा पाऊण भाजून काढून ठेव, दुसरा पूर्ण कर, मग पहिला परत दहा मिनिटं आत.

नेरूळ_नवशी | गुरुवार, दुपारी ३:०२

माई, खायचा सोडा संपलाय. इनो चालेल का?

बेलापूरची_माई | गुरुवार, दुपारी ३:१०

नाही गं. त्यात सायट्रिक अ‍ॅसिड असतं, पाण्यात पडल्यावर फसफसून सोड्याचा जोर तिथेच संपतो. नसेल सोडा तर नुसत्या मिठाच्या पाण्यात उकड आणि दोन मिनिटं जास्त हिंदकळव.

कापवाली | गुरुवार, सायं. ६:४०

आम्ही मूळचे मालवणचे, त्यामुळे कुठल्याही प्रश्नाला आमचं उत्तर रवा. सुरणाचे, वांग्याचे काप करतो तसंच, हिंदकळवायच्या आधी फोडींवर दोन चमचे बारीक रवा भुरभुरायचा. फरक लगेच कळतो. तिकडे इंग्लंडातही काही घरी रवा लावतात म्हणे, लेकीला विचारा. तांदळाच्या पिठाने जास्त कडक होतात, पण मग ते भज्यासारखे लागतात. मला नाही आवडत.

तूप की तेल यावर: तूपच. कढवलेलं असल्यामुळे त्यात दुधाचा साका नसतो, २३० ला करपत नाही. त्यांच्याकडे हंसाची चरबी वापरतात, आपल्याकडे तूप आहे, रडायचं कशाला? ते महागाचं एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल कोशिंबिरीला ठेवा.

कुंडीतला_माळी | गुरुवार, रात्री ९:१५

रोझमेरीबद्दल. जांभळी नाक्याला किंवा गावदेवी मंडईत मला कधी दिसलेली नाही. मॉलमधल्या सुपरमार्केटात भाज्यांच्या फ्रिजमध्ये छोट्या डबीत मिळते. घोडबंदर रोडच्या नर्सऱ्यांमध्ये रोप मिळतं, पण पावसाळ्यात आणू नका. मी तीन मारली आहेत. भूमध्य समुद्राकाठचं झाड ते, आपल्या पावसात मुळं कुजतात. आणलंच तर मातीत निम्मी वाळू, आणि पावसाची झड लागणार नाही अशी खिडकी.

तिचा कोळसा होतो कारण तुम्ही ती सुरुवातीला घालता. २३० ला ती पानं पन्नास मिनिटं कशी टिकतील? तुपात ठेचलेला लसूण, रोझमेरी आणि जाडसर मिरी घालून बारीक गॅसवर ठेवा. लसूण बदामी झाला की लगेच गाळा. वास तुपात उतरतो. हे तूप फोडींना लावायचं, आणि गाळलेला लसूण-रोझमेरी बटाटे बाहेर काढल्यावर वरून घालायचा. वाळकी असेल तर निम्मी घ्या, दाताखाली काड्या येतात.

ताजी नाहीच मिळाली तर पानओवा. त्याला हीच हवा मानवते, बाल्कनीत तण माजावं तसा माजतो. चार पानं बारीक चिरून शेवटी घाला. चव वेगळी येते, वाईट नाही.

सेक्टर_सतरा | गुरुवार, रात्री ९:४४

विषय निघालाच आहे तर ओटीजीवाल्यांना एक कामाचं सांगतो, पेशाने वायरमन आहे. ओटीजी मोठ्या, १६ अँपिअरच्या पॉइंटलाच लावा. १५०० वॅट म्हणजे साडेसहा अँपिअर, छोटा पॉइंट ६ चा असतो. आमच्या शेजाऱ्यांनी एक्स्टेंशन बोर्डावर लावला होता, बोर्ड वितळून ओट्याला चिकटला. आणि डायलवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. आत ठेवायचा थर्मामीटर मिळतो, तो घ्या. माझा २३० दाखवतो तेव्हा आत २०० असतात.

मुक्काम_घोडबंदर | शनिवार, दुपारी १:३०

सगळ्यांचे आभार. आज किलोभराची रंगीत तालीम केली. भाजीवाल्याला "वेफरचा बटाटा" म्हटल्यावर त्याने मागच्या पोत्यातून काढून दिला, किलोमागे सहा रुपये जास्त. मिठाच्या पाण्यात सगळे बुडाले! घरातले जुने टाकून पाहिले, त्यातले तीन तरंगले.

एक घोळ झाला. हिंदकळवताना झाकण निसटलं आणि चार फोडी थेट सिंकमध्ये.

मुक्काम_घोडबंदर | सोमवार, सकाळी ११:०५

काल झाले! पहिला घाणा उत्तम. चमच्याने वाजवून पाहिले, वाजले. दुसऱ्या घाण्यात मी घाई केली, वाफ पुरती जाऊ दिली नाही, ते जरा लेचेपेचे झाले. बाजूबाजूला ठेवल्यावर फरक लगेच दिसत होता. रवा निम्म्यांनाच लावून पाहिला. कापवाली, तुम्ही जिंकलात. रोझमेरी मॉलमध्ये मिळाली, तुपात उतरवली. पानओवाही शेजारच्या काकूंकडून आणून थोड्यांवर घातला, मुलींनी तेच आधी संपवले.

सासूबाईंनी चार घेतले. त्यावर चाट मसाला भुरभुरला आणि म्हणाल्या, "आता लागतायत." लेकीने कपाळावर हात मारला.

एक प्रश्न. दुसऱ्या घाण्यातले वाटीभर उरलेत आणि आता पार मऊ पडलेत. काय करू?

बेलापूरची_माई | सोमवार, सकाळी ११:२०

बिडाच्या तव्यावर, मध्यम गॅस, झाकण नको. मायक्रोवेव्हमध्ये घालशील तर सासूबाई म्हणाल्या तशी भाजीच होईल.