मदत हवी आहे: पेशंट कोलोनोस्कोपीची (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) तारीख घेतात, पण येत नाहीत

नमस्कार मंडळी. शिकागोच्या साउथ साइडला एका दवाखान्यात मी अपॉइंटमेंटचं काम बघते. आमचे बहुतेक पेशंट कृष्णवर्णीय, बरेचसे मेडिकेडवर (कमी उत्पन्नाच्या लोकांचा सरकारी आरोग्य विमा).

"यांना तब्येतीची फिकीरच नाही" असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. फोन करून विचारलं की अडचण वेगळीच निघते. गुंगीचं औषध देतात, म्हणून घरी न्यायला ओळखीचं मोठं माणूस लागतं. एकट्याने उबरने जाता येत नाही. मेडिकेडची गाडी मिळते, पण सोबत कुठून आणायची? तासावर पगार असलेल्या माणसाने स्वतःचा दिवस बुडवायचा आणि बहिणीचाही? त्यात आदल्या दिवशीचं ते जुलाबाचं औषध (सूचनांचा कागद मलाच दोनदा वाचावा लागला!). आणि टस्कीगीत १९३२ ते १९७२ काय चाललं होतं (सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना सरकारी डॉक्टरांनी उपचारच दिले नाहीत, नुसतं बघत राहिले), ते इथे कुणी विसरलेलं नाही.

आतड्याच्या कॅन्सरने कृष्णवर्णीय माणसं गोऱ्यांपेक्षा जास्त मरतात. 'ब्लॅक पँथर'मधला नट चॅडविक बोजमन याच कॅन्सरने गेला तेव्हा ४३ वर्षांचा होता. तपासणी सुरू करायचं वय ४५.

डॉ. हॅरोल्ड फ्रीमन यांनी १९९० मध्ये हार्लेममध्ये पेशंटसाठी 'नॅव्हिगेटर' (तपासणी-उपचारापर्यंत हाताला धरून नेणारी माणसं) नेमले. तसं कुणी चालवलंय का? पगाराचे पैसे कुठून काढलेत? सोबतीला स्वयंसेवक दिले तर जबाबदारी कुणाची? आधी घरी करायची शौचाची चाचणी देऊन पाहिली का कुणी? आठवणीचे मेसेज पाठवून झालेत, ते सोडून सांगा.