अडीचशेचा कॅन आणि कडू तोंड

हॉप्सवेडा_म्हापसा
काल इथे एकाने लिहिलं, की सगळे ज्याच्या मागे आहेत तो आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल ही कडसर, सुगंधी बिअर, तीन दुकानं पालथी घालून मिळवला, २५० रुपये मोजले आणि हाती आलं कडुनिंबाचं पाणी. त्यापेक्षा आपली गोव्याची साधी किंग्ज बिअर बरी. खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. रात्रभर ते डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितोय.

तो कॅन दुकानात कुठे होता, फ्रिजमध्ये की दारातल्या रॅकवर? गेल्या मे महिन्यात मी एकाच बॅचचे दोन घेतले. एक घरी फ्रिजमध्ये गेला, दुसरा आठ दिवस गाडीच्या डिकीत राहिला. पहिला फोडला तर पिकलेल्या पेरूचा आणि संत्र्याच्या सालीचा वास. कडवटपणा शेवटी, जिभेच्या मागे, पुढचा घोट मागणारा. दुसऱ्यात ओला पुठ्ठा. उकाड्यात आधी सुगंध जातो, कडू मागे उरतं. तुम्ही हा दुसरा कॅन प्यायलात.

किमतीचं म्हणाल तर बिअरला कडवटपणा आणि वास देतात ती हॉप्सची फुलं, आणि त्या वेलीला उन्हाळ्यात लांब दिवस लागतो. आपल्याकडे हिमाचलात लाहौलच्या खोऱ्यात थोडी लागवड आहे, पण सिट्रा, मोझेक या सुगंधी जाती अमेरिकेतून येतात. लागरच्या, म्हणजे नेहमीच्या हलक्या बिअरच्या, कित्येक पट हॉप्स घालायचे, आणि ते भिजताना बिअर शोषून घेतात ती जाते वेगळी.

काणकोणचो
तो मीच. आणि तारीख बघूनच घेतला होता, दीड महिन्याचा होता. आता सांगा, हीच बिअर इंग्रजांच्या काळात लंडनहून आफ्रिकेच्या केपला वळसा घालून कलकत्त्याला यायची ना? जहाजाच्या पोटात चार-सहा महिने, विषुववृत्त दोनदा ओलांडून. ती टिकली आणि तुमची म्हापशाच्या दुकानात मेली? मग मी पैसे कशाचे दिले?

हॉप्सवेडा_म्हापसा
प्रश्न चांगला आहे. लंडनजवळच्या बो गावातल्या हॉजसन नावाच्या बिअरवाल्याने मुद्दाम हिंदुस्थानासाठी ही बिअर शोधली, ही गोष्ट मुळातच खरी नाही. त्याची ब्रुअरी गोदीजवळ होती आणि तो कप्तानांना दीड वर्षापर्यंत उधारी द्यायचा, म्हणून त्याचा माल चढला. ‘ईस्ट इंडिया पेल एल’ हे नाव छापलेलं सापडतं तेही १८२९च्या सिडनीच्या वर्तमानपत्रात. त्या बिअरमध्ये हॉप्स होते ते आंबट करणाऱ्या जिवाणूंना रोखायला, आणि ती पिंपात मुरायची. आजचा आयपीए सुगंधासाठी करतात. नाव एक, माल वेगळा.

बोंडू_वाळपई
इतका वेळ गप्प होतो. कलकत्ता, लंडन, अमेरिका सगळं झालं, आमचा सत्तरी तालुका कधी येणार? माझ्या बाबांची काजूची दारू गाळायची भाटी होती. पहाटे बोंडू, म्हणजे काजूची फळं, वेचायचे, कोळंबीत, म्हणजे तुडवायच्या कुंडीत, तुडवायचे, रस आंबवायचा, भाण, म्हणजे गाळायचं भांडं, चुलीवर चढवायचं, ग्राव, म्हणजे दारूचा जोर, बघायचा. दोन महिने हाताची सालं निघायची. या हातच्या कारागिरीला कोणी तुमच्या बिअरसारखं ‘क्राफ्ट’ म्हटलं? काजू फेणीला २००९ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, २०१६ साली सरकारने वारसा पेय म्हटलं. तरी पणजीच्या एका बारमध्ये उर्राक, म्हणजे त्याच रसाची पहिल्या धारेची हलकी दारू, मागितला तर पोऱ्याने पाण्याच्या जुन्या बाटलीतून खालच्या खाली ओतून दिला, आणि शेजारच्या टेबलावर कॅन आला तो पेल्यासकट, ट्रेमधून. राग येतो.

काणकोणचो
हेच! मुंबईहून येऊन इथे पेरूचे वास शोधणाऱ्यांना उर्राकाची किंमत कळायची नाही.

हॉप्सवेडा_म्हापसा
मुंबईहून कोण आलं? मी म्हापशात जन्मलो, आजीच्या मांडीवर बसून बोंडू खाल्लेत. वाद बिअरचा चाललाय, जन्मदाखला कशाला काढता? उर्राकाला मान मिळत नाही हे शंभर टक्के खरं. पण बोंडूबाब, एक सांगा. एप्रिलचा उर्राक चतुर्थीला काढला तर कसा लागतो?

बोंडू_वाळपई
चव जाते. तसा ठेवणाऱ्याला बाबा पुन्हा द्यायचे नाहीत. फेणी ठेवावी, उर्राक त्या मोसमात संपवावा.

हॉप्सवेडा_म्हापसा
मी पहिल्यापासून एवढंच सांगतोय.

पर्वरीची_सून
आमच्या कोपऱ्यावरचा दुकानदार बिल वाचवायला रात्री फ्रिज बंद करतो. सकाळी कॅन हाताला कोमट लागतात, दुपारी पुन्हा थंड. म्हणजे तारीख ताजी असली तरी उपयोग नाही. आणि हॉप्सवेडादादा, तुम्ही मागे रेशाद, म्हणजे तिखट लाल मसाला भरलेल्या, बांगड्याबरोबर आयपीए सुचवला होता, मी केलं तसं. तोंडाची आग आग झाली. कडूने मिरची आणखी चढते. तिरफळं घातलेल्या बांगड्याच्या हुमणाबरोबर, म्हणजे नारळाच्या कालवणाबरोबर, मात्र जमला, दोन्हींतला लिंबासारखा वास एक झाला.

हॉप्सवेडा_म्हापसा
रेशादचं माझं चुकलं, ताई.

काणकोणचो
फ्रिजचं मला माहीत नव्हतं. माझाही कॅन घेतला तेव्हा कोमटच होता, घरी येऊन बर्फात घातला. ठीक आहे, माल कदाचित चांगला असेल. पण तो सांभाळायचा खर्च २५० रुपयांत धरलेला नाही, आणि तोटा माझ्या खिशाला. दुकानदार कॅन परत घेत नाही, बनवणाऱ्याला कळतसुद्धा नाही. थंड ठेवणारं दुकान सांगा, एकच घेईन. एप्रिल आलाय, तोवर उर्राक.

बोंडू_वाळपई
वाळपईला ये. काचेच्या पेल्यात देतो.